सैन्य कुणाच्या हुकमात, आणि जवान कुणाच्या भरवशावर?

प्रश्न असा आहे. विचारणाऱ्या ताई कोरेगाव तालुक्यातल्या, कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतात. धाकटा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत लान्स नायक, आता राष्ट्रीय रायफल्समध्ये कुपवाड्याला निघालाय. गावच्या यात्रेला सगळे जमले आणि घरात वाद पेटला. चुलते स्वतः माजी सुभेदार. ते म्हणाले, "मानवी हक्कवाल्यांनी आणि दिल्लीतल्या बाबूंनी फौजेचे हात बांधलेत." पुण्यात शिकणाऱ्या चुलतभावानं उलट सुनावलं, "अफ्स्पा असताना फौजेला कोर्टच लागू नाही, हात कुठले बांधले?" (अफ्स्पा म्हणजे अशांत भागात सैन्याला विशेष अधिकार देणारा कायदा.) ताई लिहितात: दोघंही अर्धं बोलतायत असं वाटतं, पण उरलेलं अर्धं मला ठाऊक नाही. सैन्यावर नागरी नियंत्रण असतं असं मी वर्गात शिकवते, ते नेमकं कुणाचं? भावाला चुकीचा हुकूम मिळाला तर त्यानं काय करायचं? आणि त्याचे स्वतःचे काही हक्क उरतात का?

ताई, माझी नोकरी लष्कराच्या कायदा शाखेत झाली, फौजेत तिला जॅग ब्रँच म्हणतात. निवृत्तीनंतर साताऱ्यात वकिली करतो आणि सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे जवानांची प्रकरणं चालवतो. आधी टेबलाच्या एका बाजूला बसायचो, आता दुसऱ्या बाजूला उभा राहतो. दोन्हीकडून पाहून माझं मत असं झालंय की आपल्याकडे सैन्यावरचं नागरी नियंत्रण हुकूम देताना चोख चालतं आणि जबाबदारी घ्यायची वेळ आली की दिसेनासं होतं. त्या पोकळीत मेलेल्या नागरिकाचं घर अडकतं आणि तुमच्या भावासारखा जवानही अडकतो. चुलत्यांचा राग आणि चुलतभावाचा राग एकाच ठिकाणाहून येतोय, फक्त दोघांनी बोट वेगळीकडे दाखवलंय.

आधी नियंत्रण कुणाचं ते. संविधानाच्या अनुच्छेद ५३ प्रमाणे सैन्यदलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, पण ते कायद्यानं ठरवून दिल्याप्रमाणेच वापरायचं, आणि राष्ट्रपती चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. मंत्रिमंडळ लोकसभेला उत्तरदायी. पैसा संसद मंजूर करते, खर्च महालेखापरीक्षक तपासतात, लष्कराचा कायदा संसदेनं १९५० साली केला. म्हणजे साखळीचं वरचं टोक मतदाराच्या हातात आहे. चुलत्यांना ज्या बाबूंचा राग आहे ते त्या साखळीतले कारकून. मालक ते नव्हेत. (फायली अडवणारे कारकून मालकापेक्षा भारी पडतात हा अनुभव मात्र खोटा नाही.)

नियंत्रण म्हणजे प्रत्येक पलटण कुठं बसवायची हे मंत्र्यानं सांगणं, असा अर्थ कुणी घेऊ नये. तो प्रकार १९६२ मध्ये झाला आणि त्याची किंमत नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, मोजली. त्यानंतर संरक्षण खातं ज्यांच्याकडे आलं ते आपल्याच मातीतले. यशवंतराव चव्हाणांचा जन्म देवराष्ट्रेचा, तेव्हा सातारा जिल्ह्यातलं गाव, आज सांगलीत. कर्मभूमी कऱ्हाड. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य आपण भाषणांत इतकं वापरलंय की ते नेमकं काय करायला धावले हे कुणी विचारत नाही. ते नोव्हेंबर १९६२ मध्ये दिल्लीला गेले आणि त्यांनी एक रेघ आखली: लढाई करायची का, कुठवर करायची हे राजकीय नेतृत्व ठरवेल, कशी करायची हे सेनापती ठरवतील. १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले तेव्हा विमानदल वापरण्याची मागणी सेनापतींनी त्यांच्याकडे नेली. विमानं उडवणं म्हणजे युद्ध वाढवणं, म्हणून तो निर्णय मंत्र्याचा. चव्हाणांनी परवानगी दिली आणि त्याच संध्याकाळी विमानं उडाली. परवानगी सेनापतींनी मागितली, मंत्र्यानं दिली, आणि चुकलं असतं तर संसदेत उभं राहून उत्तर मंत्र्यालाच द्यावं लागलं असतं. वर्गात उदाहरण हवं असेल तर हे घ्या, पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा पोरांच्या लवकर लक्षात येईल.

दुसरी बाजूही आहे. डिसेंबर १९९८ मध्ये सरकारनं नौदलप्रमुख विष्णू भागवत यांना पदावरून दूर केलं. ते बरोबर होतं की चूक यावर आजही वाद घालता येईल. पण नौदल दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं कामाला लागलं. शेजारच्या देशात १९५८ पासून काय काय झालं ते पाहिलं की ही गोष्ट किती मोठी आहे ते कळतं.

हेच तत्त्व जिल्ह्याच्या पातळीवर कसं दिसतं तेही पाहू. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेनं सांगली बुडवली तेव्हा लष्कराच्या तुकड्या आल्या, नौदलाची पथकं बोटी घेऊन आली. लोकांना वाटतं मिलिटरी आपणहून धावून आली. नागरी प्रशासन मागणी करतं तेव्हाच सैन्य येतं, आणि काम संपलं की परत जातं. पुरात याचं कुणाला काही वाटत नाही. दंगलीत मात्र हाच नियम जीव वाचवतो. बेकायदा जमाव पोलिसांना आवरेना तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ प्रमाणे जिल्हादंडाधिकारी, किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी, जो जागेवर हजर असेल तो, सैन्याला पाचारण करू शकतो. लष्करी अधिकाऱ्यानं ते ऐकायचंच, पण कसं करायचं हे तो ठरवेल, आणि कमीत कमी बळ वापरेल, माणसाला आणि मालमत्तेला कमीत कमी इजा करेल. 'कमीत कमी' हे कायद्यात लिहिलेलं आहे. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल तर कलम १५० खाली सैन्याचा अधिकारी स्वतः जमाव पांगवू शकतो, पण संपर्क झाला की पुढचं त्यानं दंडाधिकाऱ्याला विचारून करायचं. जुन्या फौजदारी संहितेत हीच व्यवस्था कलम १३० आणि १३१ मध्ये होती.

आता अफ्स्पा. १९५८ चा कायदा ईशान्येसाठी, जम्मू-काश्मीरचा वेगळा, १९९० चा. तुमच्या भावाला दुसरा लागू. एक फरक बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. साध्या दंगलीत दंडाधिकाऱ्याशिवाय बळ वापरायचा निर्णय कमिशन्ड किंवा राजपत्रित अधिकारीच घेऊ शकतो. अफ्स्पामध्ये तो अधिकार एनसीओपर्यंत, म्हणजे बिनकमिशनच्या हुद्द्यांपर्यंत, खाली येतो. अशांत म्हणून घोषित केलेल्या भागात, पाचजणांच्या जमावाला किंवा शस्त्रं बाळगायला बंदी असेल आणि कुणी ती मोडत असेल, तर आवश्यक तो इशारा देऊन गोळी चालवायची, अगदी जीव जाईपर्यंत, ही मुभा हवालदाराला आणि नायकालाही आहे. तिशीच्या आतल्या, चार रात्री न झोपलेल्या पोरावर आपण केवढा भार टाकलाय ते बघा. हात बांधलेत म्हणणाऱ्या चुलत्यांना हे कलम वाचून दाखवा.

आणि चुलतभावाला ह्याच्या पुढची कलमं. पकडलेल्या माणसाला आणि जप्त मालाला शक्य तितक्या लवकर जवळच्या पोलीस ठाण्याच्या ताब्यात द्यायचंच, काश्मीरच्या कायद्यात हे कलम ६. सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये नागा पीपल्स मूव्हमेंटच्या खटल्यात अफ्स्पा वैध ठरवला, पण तो ठरवताना काही गोष्टी पक्क्या केल्या. सैन्य नागरी सत्तेच्या मदतीला येतं, तिची जागा घ्यायला नव्हे. अशांत क्षेत्राच्या घोषणेचा सहा महिन्यांनी फेरविचार व्हायला हवा. आणि लष्करानं स्वतः काढलेली 'काय करावं, काय करू नये' ही यादी बंधनकारक आहे, ती मोडणाऱ्यावर कारवाई होईल. ही यादी तुमच्या भावाला ऑपरेशनपूर्व प्रशिक्षणात शिकवली जाईल, बहुधा खिशात मावेल असं कार्डही मिळेल. त्यातल्या काही ओळी नीट पाठ कराव्यात अशा आहेत: अटकेनंतर, माणूस पळत नसेल तर, बळ वापरायचं नाही. थर्ड डिग्री नाही. अटक केलेल्याची चौकशी जवानानं करायची नाही. पकडलेल्या माणसाला परस्पर सोडायचंही नाही, सोडायचं तर नागरी यंत्रणेमार्फत. कागदपत्रांत फेरफार नाही.

परस्पर सोडायचं नाही, हे का? त्याचं उत्तर मणिपूरच्या एका जुन्या प्रकरणात आहे. मार्च १९८२ मध्ये हुइनिंग गावातल्या दोघांना लष्कराच्या छावणीवर नेलं गेलं. ते घरी परतले नाहीत. सेबॅस्टियन हॉंगरे यांनी सर्वोच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे नेलेल्या माणसांना न्यायालयापुढं हजर करा असा, अर्ज केला. सरकारचं म्हणणं, आम्ही त्यांना सोडून दिलं होतं. सोडल्याचा पटण्याजोगा पुरावा काही देता येईना. दोघांना हजर करा, असा आदेश झाला; हजर करता आलं नाही. १९८४ मध्ये न्यायालयानं दोघांच्याही पत्नींना प्रत्येकी १ लाख रुपये द्यायला लावले. छावणीत नेणारा प्रत्येकजण दोषी होता का? मला माहीत नाही, कुणालाच कळलं नाही, कारण कागदच नव्हता. त्या दिवशी गेटवर पहारा देणाऱ्या निर्दोष शिपायाकडेही स्वतःला निर्दोष ठरवायला काही उरलं नाही. हस्तांतराची पावती नागरिकाला जितकी लागते तितकीच जवानाला लागते, हे मी नव्या पोरांना कायम सांगत आलोय.

मग अडतं कुठं? अडतं ते खटल्याच्या परवानगीत. काश्मीरच्या अफ्स्पाचं कलम ७ म्हणतं: या कायद्याखाली केलेल्या कृतीबद्दल केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय खटला चालणार नाही. वाचायला हे समतोल आहे. खोट्या तक्रारींनी जवानाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लागू नयेत, आणि खऱ्या तक्रारीत सरकारनं परवानगी द्यावी. परवानगीचा कागद जवानाच्या हातात नाही, त्याच्या सीओंच्या (पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरच्या) हातात नाही, सेनाप्रमुखांच्याही हातात नाही. तो नागरी सरकारच्या हातात आहे. नागरी नियंत्रण याहून उघड कुठं दिसणार?

आता ते कसं वापरलं गेलं ते बघा. जानेवारी २०१८ मध्ये सरकारनं राज्यसभेत सांगितलं की २००१ पासून जम्मू-काश्मीरमधून अशा परवानगीसाठी ५० प्रकरणं आली, ४७ मध्ये नकार दिला, ३ प्रलंबित आहेत. होकार शून्य. मी लष्कराच्या बाजूनं काम केलेला माणूस आहे, यातल्या कित्येक तक्रारी पोकळ असतील असं मी मानतो. पण पन्नासातली एकही कोर्टापुढं जाण्यालायक नव्हती, यावर माझ्यातला वकील विश्वास ठेवायला तयार नाही. १९९७ च्या त्याच निकालात म्हटलंय की परवानगी देताना किंवा नाकारताना कारणं लिहावीत, न्यायालय ती तपासू शकतं.

ओटिंगचं उदाहरण तर अजून ताजं आहे. ४ डिसेंबर २०२१. नागालँडच्या मोन जिल्ह्यात कोळसा खाणीतून घरी परतणाऱ्या कामगारांच्या गाडीवर स्पेशल फोर्सेसच्या तुकडीनं गोळीबार केला. सहा गेले. गावकरी भडकले, पुन्हा गोळीबार झाला, एक जवानही गेला. दुसऱ्या दिवसापर्यंत मेलेल्या नागरिकांचा आकडा चौदावर पोचला. गृहमंत्र्यांनी संसदेत खेद व्यक्त केला, ओळखण्यात चूक झाली असं सांगितलं. राज्य पोलिसांच्या विशेष पथकानं ३० जवानांवर आरोपपत्र ठेवलं. २०२३ मध्ये केंद्रानं परवानगी नाकारली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खटला बंद केला. पुढं कधी परवानगी मिळाली तर कार्यवाही चालू शकेल, एवढं दार उघडं ठेवलं. हिशेब मांडा. चूक झाली हे सरकारला मान्य. खेद नोंदला गेला. पण चूक नेमकी कुणाची, माहिती देणाऱ्याची, ऑपरेशनला मंजुरी देणाऱ्याची की ट्रिगरवर बोट असणाऱ्याची, हे कुठल्याही उघड न्यायालयात ठरलं नाही. मेलेल्यांच्या घरच्यांना न्याय नाही. आणि त्या तीसजणांत ज्यांनी गोळीही झाडली नसेल त्यांच्या नावावरचं आरोपपत्र पुसलं गेलं नाही, नुसतं झाकलं गेलं.

दुसरी वाट कोर्ट मार्शलची, म्हणजे लष्कराच्या स्वतःच्या न्यायालयाची. आर्मी ॲक्टच्या कलम ७० प्रमाणे नागरिकाचा खून किंवा बलात्कार हा गुन्हा एरवी साध्या न्यायालयातच चालतो. पण तो ॲक्टिव्ह सर्व्हिसवर, म्हणजे प्रत्यक्ष मोहिमेवर, घडला असेल तर कोर्ट मार्शल होऊ शकतं, आणि काश्मीरमधली तैनाती त्यात धरली जाते. दोन्ही न्यायालयांना अधिकार असेल तेव्हा कुठं चालवायचं हे कलम १२५ खाली लष्कर आधी ठरवतं. मार्च २००० मध्ये पथरीबलला पाचजण मारले गेले, परदेशी अतिरेकी म्हणून. सीबीआयनं तपास करून ते स्थानिक नागरिक होते असं म्हटलं आणि २००६ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी आवश्यक ठरवली आणि लष्कराला निवड करायला सांगितलं. लष्करानं प्रकरण स्वतःकडे घेतलं. जानेवारी २०१४ मध्ये पुरावा नाही म्हणून ते बंद झालं, कोर्ट मार्शल उभंच राहिलं नाही.

याच्या उलट माछिल. हा भाग कुपवाड्यातच येतो, तुमच्या भावानं हे नाव ऐकलेलं असेल. एप्रिल २०१० मध्ये तीन तरुणांना हमालीच्या कामाचं आमिष दाखवून नियंत्रण रेषेजवळ नेलं आणि घुसखोर म्हणून मारलं, असा आरोप होता. कोर्ट मार्शलनं कर्नलसह पाचजणांना जन्मठेप दिली. २०१७ मध्ये न्यायाधिकरणानं शिक्षा स्थगित करून जामीन दिला. निकालाबद्दल काही मत असो, निदान पुरावा तपासला गेला, उलटतपासणी झाली, अपील झालं. आणि चुलत्यांना हेही सांगा: माछिलनंतरच्या त्या उन्हाळ्यात काश्मीर पेटलं, शंभराहून जास्त माणसं गेली. खोट्या चकमकीचं बक्षीस एकाला मिळतं आणि दगड खातात पुढं त्या खोऱ्यात तैनात होणारी सगळी पोरं. अतिरेक्याची खबर गावातल्याच माणसाकडून येते. गाव तुटलं की खबर बंद. पोगरवाडीच्या कर्नल संतोष महाडिकांना कुपवाड्याच्याच जंगलात वीरमरण आलं, तेव्हा त्या डोंगरात काय किंमत मोजावी लागते हे सातारकरांना सांगायला नको.

सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१६ मध्ये, मणिपूरमधल्या १,५२८ कथित बनावट चकमकींच्या याचिकेवर, अशांत क्षेत्र असलं तरी अतिरेकी बळाच्या वापराला सरसकट संरक्षण नाही, असं स्पष्ट केलं. त्या चौकश्यांविरुद्ध २०१८ मध्ये तीनशेहून अधिक लष्करी अधिकारी आणि जवान न्यायालयात गेले, ती याचिका फेटाळली गेली. मला त्यांची तगमग समजते. पण त्यांनी दाद चुकीच्या दारात मागितली. आम्हाला तिथं पाठवणाऱ्यानं आमच्यासोबत उभं राहावं, कारणं लिहून परवानगी द्यावी किंवा कारणं लिहून नाकारावी, ही मागणी साउथ ब्लॉकच्या, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या, दारात हवी होती. न्यायमूर्ती जीवन रेड्डी समितीनं २००५ मध्ये अफ्स्पा रद्द करायची शिफारस केली होती. वर्मा समितीनं २०१३ मध्ये म्हटलं, लैंगिक गुन्ह्यांत तरी जवानावर खटल्यासाठी परवानगीची अट नको. दोन्ही अहवाल आले, वाचले गेले, ठेवले गेले. हे ठेवणारे नागरी सरकारातलेच.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, कारण भावाला उद्या लागणारा तोच आहे.

आर्मी ॲक्टचं कलम ४१ वरिष्ठाचा हुकूम मोडणं हा गुन्हा ठरवतं, पण हुकूम 'कायदेशीर' असेल तर. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ मध्ये जुन्या दंडसंहितेतून आलेलं उदाहरण आहे: कायद्याच्या आज्ञेला धरून वरिष्ठानं हुकूम दिला आणि शिपायानं जमावावर गोळी झाडली, तर त्यानं गुन्हा केलेला नाही. 'कायद्याच्या आज्ञेला धरून' हे शब्द सोडून बाकीचं वाक्य बराकीत तोंडपाठ असतं. पकडलेल्या, हात बांधलेल्या माणसाला संपव, हा हुकूम कायद्याला धरून असूच शकत नाही. 'साहेबांनी सांगितलं' हा तिथं बचाव होणार नाही.

पण खरी अडचण अशा उघड हुकमाची नसते. ती गोल बोलण्याची असते. 'ह्याला बघून घे.' 'रजिस्टरला नंतर टाकू.' 'रात्रभर इथंच राहू दे, सकाळी बघू.' अशा वेळी जवानानं वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही. हुकूम परत विचारायचा, स्पष्ट शब्दांत आणि शक्यतो चारचौघांत: "साहेब, ह्याला पोलीस ठाण्यात कधी पोचवायचं? नोंद कुठल्या वेळेची करू?" दहांतल्या नऊ वेळा एवढ्या प्रश्नानं समोरचा भानावर येतो, कारण साक्षीदार तयार झालाय हे त्याला कळतं. तरीही ऐकलं नाही तर कंपनी कमांडर, मग सीओ, सुभेदार मेजरला सोबत घेऊन. आपल्या ड्यूटीची वेळ, कुणाकडून माणूस घेतला, कुणाकडे दिला, एवढं युनिटच्या नोंदीत यायलाच हवं. खोट्या पंचनाम्यावर, खोट्या निवेदनावर सही करायची नाही. पुढं कोर्ट मार्शल उभं राहिलं तर सर्वात आधी सही करणारा सापडतो, सांगणारा सापडत नाही.

तिसरा प्रश्न, त्याचे स्वतःचे हक्क. अनुच्छेद ३३ संसदेला सैनिकांचे मूलभूत हक्क कमी करायचा अधिकार देतो, आणि संसदेनं ते केलंयही. संघटना काढता येत नाही, राजकीय सभेत भाग घेता येत नाही, परवानगीशिवाय वर्तमानपत्राकडे जाता येत नाही. मत मात्र देता येतं. पण १९८२ मध्ये लेफ्टनंट कर्नल पृथीपाल सिंग बेदी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की वर्दी घातल्यानं माणूस नागरिक राहायचा थांबत नाही, आणि कोर्ट मार्शलविरुद्ध अपील नाही ही मोठी उणीव आहे. ती भरून निघायला २००७ चा कायदा आणि २००९ मध्ये सुरू झालेलं न्यायाधिकरण लागलं. एवढी वर्षं का लागली हे विचारायचं ते पुन्हा संसदेलाच.

रणजित ठाकूर नावाच्या सिग्नलमनची गोष्ट मी प्रत्येक नव्या अशिलाला सांगतो. त्यानं अधिकाऱ्यांकडून त्रास होतो अशी तक्रार केली, पण नेहमीचा मार्ग सोडून थेट वर पाठवली. त्याबद्दल २८ दिवसांची सक्त कैद. क्वार्टर गार्डमध्ये, म्हणजे पलटणीच्या कोठडीत, असताना मे १९८५ मध्ये सुभेदारानं त्याला जेवायला सांगितलं, त्यानं जेवण घेतलं नाही. एवढंच. त्यावर समरी (झटपट चालणारं) कोर्ट मार्शल बसलं, एक वर्षाची सक्त कैद आणि नोकरीतून बडतर्फी. न्याय करायला बसलेल्यांत तोच कमांडिंग ऑफिसर, ज्याच्याविरुद्ध मूळ तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये सगळं रद्द केलं: ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच न्यायाधीश कसा, आणि ताट नाकारलं म्हणून एवढी शिक्षा? आजही समरी कोर्ट मार्शलमध्ये सीओच कोर्ट असतात. म्हणून ही केस अजून कामाला येते.

माझ्याकडे जावळी-पाटणकडचे वडील प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येतात तेव्हा मी आधी एकच पान शोधतो, आरोपाखालचं 'गिल्टी'. पोरानं ते का म्हटलं? "वस्ताद म्हणाले, कबूल कर, साहेब माफ करतील." नियम असा आहे की कबुली नोंदवण्यापूर्वी आरोपाचा अर्थ आणि कबुलीचा परिणाम त्याला समजावून सांगायचा आणि तसं केल्याची नोंद करायची. प्रत्यक्षात ते छापील मजकुरावर उरकलं जातं. भावाला सांगा: न केलेला गुन्हा कुणाच्याही शब्दावर कबूल करायचा नाही. मदतीला मित्र म्हणून एकजण सोबत घेता येतो, तो मागायचा. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे लष्कराच्या प्राथमिक चौकशीत, आपल्या नावाला बट्टा लागण्याची शक्यता असेल तर आर्मी रूल १८० प्रमाणे पूर्ण वेळ हजर राहायचा, साक्षीदारांना प्रश्न विचारायचा हक्क आहे, तोही मागायचा. शिक्षेच्या चार लाल शाईच्या नोंदी झाल्या की आपोआप घरी, हा समजही चुकीचा. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलंय की आधी चौकशी हवी, नोकरीचा काळ आणि कठीण तैनाती लक्षात घ्यायला हवी.

मोबाईलवर व्हिडिओ टाकायचा मोह मात्र आवरावा. २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानानं जेवणाच्या दर्जाबद्दल व्हिडिओ टाकला, देशभर गाजला, आणि तो बडतर्फ झाला. तक्रार खरी की खोटी हा मुद्दा बाजूलाच राहतो, शिस्तभंग तेवढा सिद्ध होतो. आर्मी ॲक्टच्या कलम २६ खाली लेखी तक्रार करायची, तिची प्रत आणि पोच घरी ठेवायची. सहा महिने उत्तर नाही किंवा उत्तर विरुद्ध आलं, तर न्यायाधिकरण. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. रजा आणि बदली या गोष्टी न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत, त्यासाठी खर्च करू नका. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येते, हे २०२३ मध्ये पक्कं झालंय.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाबद्दल चुलत्यांचा गैरसमज दूर करायला एक गोष्ट पुरे. १९९३ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे सैन्यदलांच्या बाबतीत आयोग स्वतः तपास करूच शकत नाही. केंद्राकडून अहवाल मागवायचा, तो वाचून शिफारस करायची, सरकारनं तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं. एवढंच. फौजेचे हात बांधायला आयोगाकडे दोरीच दिलेली नाही. जवान स्वतःही तिथं अर्ज करू शकतो, फी लागत नाही, घटनेपासून एक वर्षाच्या आत करावा लागतो.

भाऊ निघण्यापूर्वी त्याची नेमणूक, मेडिकल श्रेणी आणि आजवरच्या शिक्षांच्या नोंदी यांच्या प्रती घरी ठेवून घ्या. पुढं काही अडलं तर आधी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथं अर्जाची दिशा कळते. आणि इंग्रजीत आलेल्या कुठल्याही नोटिशीला, ती कितीही साधी वाटली तरी, मुदतीत लेखी उत्तर गेलंच पाहिजे. जावळी-पाटणकडच्या त्या पिशव्यांत मला सर्वात जास्त सापडतं ते हेच, उत्तर न दिलेली नोटीस.